गाडीचं नाक बुजलं त्याची हकीकत

॥ श्री मारुतराय समर्थ ॥

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
आश्विन वद्य पंचमी, शके १९२२

तीर्थस्वरूप नरहरराव यांना धाकटा साडू व्यंकटराव याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलं आहे खरं, पण गाडी ढकलून कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं सध्या जमिनीला टेकतात. उरलेली तीन कंबर सुटली की घालीन.) तुमच्या प्रकृतीची चौकशी आधीच करून घेतो, कारण हे पत्र वाचून झाल्यावर ती कशी राहील सांगता येत नाही. ताईंचे गुडघे काय म्हणतात? जालन्याला नळाला पाणी चार दिवसांनी येतं की अजून सहाच? इकडे सर्व खुशाल आहे. खुशाल म्हणजे सगळ्यांना जेवण जातं, मला सोडून.

तुमचं कार्ड परवा मिळालं. पंधरा ओळींच्या कार्डात ताईंचा समाचार अर्धी ओळ, अनुश्रीला आशीर्वाद एक ओळ, माझ्यासाठी "तसेच" हा एक शब्द, आणि राहिलेलं सगळं कार्ड गाडीला. तेव्हा गाडीचंच आधी सांगतो. गाडी सुखरूप आहे. रंगावर ओरखडा नाही, काचा शाबूत आहेत, चारही चाकं जागच्या जागी आहेत आणि हॉर्न पूर्वीसारखाच उजवीकडे वळताना आपोआप वाजतो. जे काही झालं ते गाडीच्या आत झालं, आणि आतलं बाहेरून दिसत नाही, म्हणून लिहावं की न लिहावं यात दोन दिवस गेले. पण तुम्ही पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली. गळती लपवून लपत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं! वासंती म्हणते, सगळं लिहा पण क्रमानं लिहा. क्रमानंच लिहितो आहे. मध्येच काही आठवलं तर तो माझा दोष नाही.

अनुश्रीचं पहिलंच बाळंतपण म्हणून तुम्ही आपणहून गाडी दिलीत, हे मी जन्मभर विसरणार नाही. (आमचे जावई अद्वैतराव कंपनीच्या कामानं बंगलोरला अडकलेत. रोज शेजारच्यांच्या फोनवर फोन करून "काही नाही ना?" असं विचारतात, जसं काही व्हायलाच नको आहे.) हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात तपासून सांगितलं की बाळ पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली. घरी बाळंतपणाचं नाव काढू नका, कळा सुरू झाल्या की तासाभरात ही मला इथं दिसली पाहिजे. आता साखऱ्याहून हिंगोली म्हणजे गाडी नीट चालली तर पन्नास मिनिटं. आपला जिल्हा वेगळा झाला त्याला दीड वर्ष होऊन गेलं, पण रस्त्याला ते अजून कुणी कळवलेलं नाही. राहिली दहा मिनिटं. नरहरराव, त्या दहा मिनिटांवर गेला महिनाभर माझा जीव टांगलेला आहे. पूजा करताना हात घंटेवर असतो आणि डोळे घड्याळावर.

तांड्यावरचा थावरा राठोड तुम्हाला आठवत असेल, सेनगाव-हिंगोली जीप चालवतो तो. अनुश्री आल्याचं कळल्यावर तो घरी आला आणि म्हणाला, "म्हाराज, ताईला न्यायचं झालं का मला हाक मारा. जीप सोडून येतो." मला त्याचा काय राग आला कोण जाणे. दारात तुमची पांढरी गाडी उभी होती, त्याचाच तो माज असावा. मी म्हटलं, आमची घरची गाडी आहे, तुझ्या जीपमध्ये बावीस माणसं आणि टपावर शेळ्या, त्यात माझी लेक नाही बसायची. तो हसला. "काहून? माझी पुजा बी ह्याच जीपमधी झाली." हे ऐकून मला जरा बरं वाटलं. जीपची पूजा करतो म्हणजे माणूस श्रद्धेचा आहे. मी विचारलं, कोणी केली? "चंदाबाईनं केली की, दुसरं कोण करन?" चंदाबाई म्हणजे त्याची बायको; बायकोनं पूजा सांगावी हे मला खटकलं, तरी विचारलं की वेळ किती लागला. "सेनगावच्या पुलापासून नाक्यापोतर." एवढ्यात षोडशोपचार होत नाहीत, नुसतं गंध-फूल होतं, असं मी त्याला चांगलं सुनावून वाटेला लावलं. घरात आलो तर वासंती तोंडात पदर धरून बसलेली. पुजा ही त्याची धाकटी मुलगी. आता दुसरीत आहे.

असो. दहा मिनिटांच्या काळजीवर मी उपाय काढला तो तालमीचा. नाटकवाले तालीम करतात, बँडवाले करतात, मग बापानं का करू नये? ठरवलं की दसरा झाला की रोज एकदा हिंगोलीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन यायचं, हात बसवायचा, खड्डे पाठ करायचे. अनुश्रीला तर नेता येत नाही, म्हणून तिच्या जागी मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं आणि पोत्याला धरून वासंती. पोरीला सांगितलं, ज्वारी दळून आणतो. (तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच, "बाबा, रोज ज्वारी नेता आणि रोज ज्वारीच घेऊन येता. ही गिरणी कुठली?")

आता तालमीच्या आधीची एक गोष्ट, कारण सगळं तिच्यातून निघालं. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या घरात अवजारांची पूजा होते, मग माझ्या दारात गाडी उभी असताना मी स्वस्थ कसा बसणार? मारुतरायाच्या सेवेतली आमची ही चौथी पिढी. माझ्या हातच्या शेंदराच्या लेपाला सेनगाव तालुक्यात तोड नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. शेंदूर जवसाच्या तेलात दोन दिवस खलायचा, बोटानं पुट चढवायचं, वाळलं की दुसरं, असं तीनदा. आमच्या आजोबांची शिस्त अशी की लेपात सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तर सगळं खरवडून पुन्हा लावायचं. भोक राहिलेला देव म्हणजे कामचुकार पुजारी. आता हा लेप गाडीला कुठं लावावा? तुमच्या दोन पानी सूचनांमधलं सातवं कलम मला पाठ आहे: "बॉनेट, दारे वा कोणत्याही रंगविलेल्या भागास हळद, कुंकू, गंध, शेंदूर लावू नये. रंग नवा आहे." मी कलम मोडणारा माणूस नाही. गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मला रंग नसलेली एकच जागा सापडली, मागच्या बाजूचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण. गोल, चकचकीत, वाटीएवढं, जणू त्यासाठीच घडवलेलं! तीन पुटं दिली. वर छोट्या मूर्तीचे जुने चांदीचे डोळे होते, ते बसवले. नरहरराव, असा सुबक मारुतराय झाला की वासंतीनंही नमस्कार केला, आणि ती माझ्या कामाला सहसा करत नाही. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं. ते अर्थातच मी आधी नीट भरून घेतलं.

पहिली तालीम दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. वासंती, पोतं आणि मी. गाडी अगदी लोण्यातून चालावी तशी निघाली, आणि सेनगाव समोर दिसायला लागलं तिथं तिनं दोन गचके दिले, मग उचकी, मग गप्प. किल्ली फिरवली की नुसतं कुरकुर करी, पेट घेईना. मागे पोतं होतं, पण मला पोतं दिसेना. एक बैलगाडीवाला थांबला. आपल्याकडच्या माणसाला बंद पडलेली गाडी दिसली की तो रामराम नंतर घालतो, आधी विचारतो, "पेट्रोल हाय का?" मी काय एवढा खुळा आहे? तरी त्याची खात्री पटवायला मी झाकण उघडलं, तुराटी आत घालून ओली झालेली दाखवली आणि झाकण लावलं. तोवर वासंतीनं निदान करून टाकलं होतं: दृष्ट. गाडीवरून नारळ ओवाळला, रस्त्यावर फोडला, म्हणाली, आता फिरवा किल्ली. फिरवली. गाडी सुरू! वासंती घरी येईपर्यंत माझ्याशी विजयी माणसाच्या आवाजात बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तीच जागा, तेच गचके. नारळ संपले होते. सेनगावहून मेकॅनिक लुनावर बसून आला. त्यानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? तुराटी मी हातातच धरून ठेवली होती. झाकण उघडून दाखवली. मग त्यानं बॉनेट उघडून अर्धा तास गाडीच्या आतड्यांत हात घातला. प्लग काढले, घासले. कार्बोरेटर खोलला, फुंकला, आणि त्यातून निघालेला एक कण नखावर ठेवून मला दाखवला. मला तो दिसला नाही, पण न दिसलेला कण नाकारायला मी धजलो नाही. "ह्यो होता म्हून तकलीफ होती. आता पार औरंगाबादपोतर जा." गाडी सुरू झाली. आम्ही आनंदात सेनगाव ओलांडलं, आणि नरसीच्या अलीकडे तिनं पुन्हा मान टाकली.

तिथं जे झालं ते लिहिताना मला जरा संकोच वाटतो. नरसीच्या चहाच्या टपरीवरून चार माणसं उठून आली. सगळ्यांना आळीपाळीनं तुराटी दाखवून झाली. मग एका म्हाताऱ्यानं गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की ही बिमारी नाही, हिला उसण भरली आहे. उसण भरली की पायाळू माणसानं लाथ मारायची असते हे तर तुम्ही जाणताच. ताईंच्या कंबरेला तुम्हीच जालन्यात पायाळू माणूस शोधत हिंडला होतात. आता योग पाहा, टपरीवाला सोनाजी हाच पायाळू. त्यानं चपला काढल्या, गाडीला नमस्कार केला आणि मागच्या बाजूला तीन लाथा मारल्या. (अनवाणी मारल्या, हळू मारल्या, रंगाला काही झालेलं नाही. सातव्या कलमात लाथांचा उल्लेख नाही.) किल्ली फिरवली. सुरू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोनाजीनं आमच्याकडून चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणाला, इद्या इकायची नसते.

लोक हसत होते, मीही हसलो, पण घरी आल्यावर मी भरल्या ताटावरून उठलो. दृष्ट निघाली, कचरा निघाला, उसण निघाली, आणि तरीही गाडी बंद पडतेच. ओसरीवर अनुश्री पाय सोडून बसली होती. पाय सुजलेत पोरीचे. तिनं विचारलं, "बाबा, गाडी चालते ना नीट?" मी म्हटलं, चालते की! इतकं खोटं मी गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर लगेच कधी बोललो नव्हतो. मला सारखं तेच चित्र दिसायचं, नरसीच्या अलीकडे उन्हात उभी असलेली गाडी, मागच्या सीटवर माझी पोर, भोवती निदान करणारी माणसं आणि पुढे सरकणारं घड्याळ. भीती वाटत होती, नरहरराव. दुसरा शब्द नाही.

तिसऱ्या तालमीला गाडी सेनगावजवळ नेहमीसारखी थांबली, तुराटी दाखवून सुरू झाली, आणि दुसऱ्यांदा बंद पडली ती नरसी ओलांडून, एका मैलाच्या दगडाजवळ. मी उतरलोसुद्धा नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिलो. मागून थावराची जीप आली आणि थांबली. त्यानं पोत्याकडे पाहिलं, वासंतीकडे पाहिलं, काही विचारलं नाही. (ज्वारीचं पोतं धरून बसलेली बाई पाहून प्रश्न न विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.) मग म्हणाला, "पेट्रोल हाय का?" मी तुराटी त्याच्या हातात दिली. जा, बघ. त्यानं झाकण फिरवलं, आणि मला गाडीत बसून ऐकू आलं, सुस्स्स करून, जसा दम कोंडलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसा आवाज. रोज तो होत असणार, पण रोज भोवती एवढी माणसं बोलत असायची की कुणाला ऐकू आला नाही.

थावरा झाकण हातात घेऊन पुढे आला. उलटं केलं, सुलटं केलं, मारुतरायाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मला विचारलं की याआधी गाडी बंद पडली तेव्हा दर वेळी झाकण उघडलं होतं का? मी बोटं मोजली. दर वेळी. आणि दर वेळी त्यानंतरच सुरू झाली? दर वेळी. "म्हाराज," तो म्हणाला, "तुमी गाडीचं नाक बुजवलं." मग त्यानं समजावून सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो: "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार पडते का बराबर? न्हाई पडत. दुसरं भोक पाडावं लागतंय, हवेला. टाकीतून पेट्रोल गेलं का तेवढी हवा आत आली पाहिजे. ती ह्या झाकणाच्या भोकातून येते. तुमी बुजवलं. बारा-पंधरा किलोमीटर चालती बिचारी, मंग दम कोंडतो. कोणी झाकण उघडलं का श्वास घेती अन् चालू होती." पुढे म्हणाला, नळवाले पाइपाच्या आट्याला हाच शेंदूर अन् हेच जवसाचं तेल लावतात, थेंब गळू नये म्हणून. "तुमचं काम लई पक्कं हाय, म्हाराज. हवा बी जाऊ दिली न्हाई." तो खरोखर कौतुकानं म्हणाला, म्हणून मला जास्त लागलं. नारळ, कण आणि लाथ यांना इतके दिवस जे श्रेय मिळालं ते सगळं खरं तर "पेट्रोल हाय का?" या प्रश्नाचं होतं. (दोष वाटून घ्यायचा झाल्यास अर्धा सातव्या कलमाचा आहे हे आपलं नम्रपणे नमूद करतो. बॉनेटला लावला असता तर बॉनेटला श्वास लागत नाही.)

खात्री म्हणून थावरानं झाकण त्या मैलाच्या दगडावर ठेवलं, टाकीच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, जीपमधल्या बावीस जणांना चहा प्या म्हणाला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. एक गचका नाही! मी येताना गात होतो. (वासंती म्हणते, आरती गात होतात.) आणि परत त्या दगडाजवळ आलो तर काय पाहतो? झाकणावर हळद-कुंकू, पुढे दोन झेंडूची फुलं, एक उदबत्ती, आणि शेजारच्या सोयाबीनच्या रानातली पारुबाई हात जोडून उभी. तिच्या मागे चार बाया. "म्हाराज, बरं झालं आले तुमी," पारुबाई म्हणाली, "देव आपल्या पायानं रस्त्यावर आलाय. इथंच माज्या पोराची सायकल दोनदा घसरली, म्हून आलाय." आता सांगा नरहरराव, मी काय करावं? ज्याच्यापुढे उदबत्ती लागली आणि हात जोडले गेले तो देव. पुजलेला देव चौथ्या पिढीच्या पुजाऱ्यानं उचलून पेट्रोलच्या टाकीला लावावा? आणि डोळे माझ्याच हातचे, लेप माझ्याच हातचा, नाही कोणत्या तोंडानं म्हणू? उलट पारुबाईनं आग्रह केला की आलेच आहात तर पूजा सांगा. सांगितली. एक बाई मध्येच म्हणाली, "देवाला घासलेटावानी वास काहून येऊन राहिला?" मी मंत्रातच अडकलो. थावरा गंभीरपणे म्हणाला, "उग्र देव हाय, बाई."

तर असं आहे. गाडी आता उत्तम चालते आणि काळजीचं कारण उरलेलं नाही. ताईंना नमस्कार. गुडघ्यांना जवसाचं तेल चोळावं, घरात सध्या मुबलक आहे.

आपला,
व्यंकटराव

ता. क.: एक किरकोळ काम. गाडीला नवं झाकण लागेल. जालन्याच्या भंगारबाजारात मिळावं. भोकाचंच आणावं आणि भोकाभोवती पेननं गोल करून पाठवावं, म्हणजे माझ्याकडून पुन्हा चूक व्हायची नाही. सध्या वासंतीनं मुरंब्याच्या बरणीचं झाकण खिळ्यानं भोक पाडून बसवलं आहे. गाडीला मुंग्या लागतात.

दुसरा ता. क. (हिंगोली, दवाखान्याच्या पायरीवरून): वरचं पत्र पाकिटात घालून खिशात ठेवलं ते खिशातच राहिलं. तेच पाकीट फोडून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. आधी बातमी: मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं, पण दोघी सुखरूप आहेत. तुम्हाला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा कुणा भलत्याच घरी लागला, कारण बोट एका आकड्यावर ठरत नाही. आता क्रमानं.

काल दुपारी पावणेतीनला कळा सुरू झाल्या. गाडी दारात तयार होती, टाकी श्वास घेत होती, रस्ता मला पाठ होता. हे वाचून तुम्हाला वाटेल की व्यंकटरावानं लेकीला नेलं. तसंच वाटू द्यावं असं मनात आलं होतं. पण खरं असं की मी चालकाच्या जागेवर बसलो आणि किल्ली भोकात जाईना. भोक मोकळं होतं, किल्ली बरोबर होती, माझा हातच थांबेना. तीनदा घातली, तीनदा खाली पडली. मागून अनुश्री "बाबा" एवढंच म्हणाली. मी गाडीतून उतरलो, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि थावराला हाक मारली. देवळात आरतीलासुद्धा मी कधी एवढ्या मोठ्यानं ओरडलो नाही. फाट्यावर जीप भरत होती ती त्यानं तशीच टाकली. ज्या जीपला मी नाव ठेवलं तिच्यातली सगळी माणसं खाली उतरून आमच्या गाडीला धक्का द्यायला आली. धक्क्याची गरज नव्हती, पण त्यांनी दिला. गाडी कुठं थांबली नाही. खड्डे थावराला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. एवढे दिवस आम्ही सगळे ज्या इंजिनाचं निदान करत होतो ते चांगलंच होतं. बिघडलेलं इंजिन धोतर नेसून पुढच्या सीटवर बसलं होतं. शेवटी थावरानं मला हलवलं, "म्हाराज, डोळे उघडा, दवाखाना आला."

अनुश्रीला आणि वासंतीला आत घेतलं आणि थावरा किल्लीला हात घालणार तोच मी ओरडलो, बंद करू नको! पुन्हा सुरू झाली नाही तर? नांदेडला न्यायला सांगितलं तर? तो बिचारा जीपकडे परत जायचं सोडून बाहेर कट्ट्यावर बसला आणि मी चालकाच्या जागेवर बसून, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून, दोन तास इंजिन चालू ठेवलं. वॉचमन दोनदा येऊन "चाचा, बंद करो, धुआँ अंदर जा रहा है" म्हणाला. मी हलकी केली, बंद केली नाही. शेवटी तिनं गचके दिले आणि थांबली. या वेळी खरंच पेट्रोल संपलं होतं. सगळं एकदम शांत झालं आणि त्या शांततेत मला आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. आपलंच आहे की दुसऱ्या कुणाचं हे मला माहीत नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. डोकं हॉर्नवर टेकलं होतं हे वॉचमन धावत आला तेव्हा कळलं.

तिसरा ता. क.: झाकणाचं काम आता राहू द्या. खरं लिहायचं आहे ते हे. हे पत्र जालन्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे, म्हणजे उद्या पोचेल. दिवाळीच्या तोंडावर, बुधवारी सकाळी, अनुश्रीला घरी सोडणार आहेत. थावरा गाडी चालवायला येणार आहे, ती काळजी नाही. वासंती मागे अनुश्रीला धरून बसेल, पोरीला टाके आहेत. म्हणजे बाळ पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर येतं. अडीच किलो वजन आहे तिचं, नरहरराव. आज नर्सनं तिला माझ्याकडे द्यायला हात पुढे केले आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. वासंतीला वाटलं, मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. दुपारपासून बोलत नाही माझ्याशी. खरं कारण तिला मी सांगू शकलो नाही, तुम्हाला लिहितो आहे. माझे हात अजून थांबलेले नाहीत. तुम्ही मंगळवारी या. बुधवारी तिला तुमच्या मांडीवर देऊ आणि मी शेजारी दाटीवाटीनं नुसता बसेन.